ठिपके फिरताहेत

जो संगणक मुळात चालूच होत नाही, तो सज्जन समजावा. बटण दाबलं, अंधार, विषय संपला. दुकानदाराला फोन करायचा आणि आपण जेवायला बसायचं. खरा छळ मांडतो तो चालू होऊन अडणारा. पंखा घोंघावतो, दिवा लागतो, कंपनीचं नाव झळकतं, मग विंडोजची निळी खिडकी येते आणि तिच्याखाली पांढरे ठिपके गोल गोल फिरायला लागतात. आता पासवर्ड विचारणार म्हणून आपण बोटं सरसावून बसावं, तर ठिपके जागच्या जागी थिजतात. 'नको नको, बसत नाही, घाईत आहे' म्हणत उंबरठ्यावर उभे राहून तासभर बोलणारे पाहुणे आत येत नाहीत आणि जातही नाहीत, तसा हा प्रकार.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचा संगणक असा थांबला तो ऐन सप्टेंबरात. ज्यांनी सहकारी गृहनिर्माण संस्था चालवली आहे, त्यांना सप्टेंबर म्हणजे काय ते सांगायला नको. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा झालीच पाहिजे, तिची नोटीस पुरे १४ दिवस आधी गेली पाहिजे, आणि नोटिशीसोबत हिशेब गेले पाहिजेत. हिशेब संगणकात होते. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. दुसरं कुणी व्हायला तयार नाही, एवढीच माझी पात्रता.

यातली गंमत अशी, की या संगणकाच्या पासवर्डवरून आमच्याकडे आधीच मोठं रण माजून गेलं होतं. पासवर्ड सेक्रेटरीकडे असावा की खजिनदारांकडे, यावर कमिटीच्या सभा रंगल्या. "हिशेब माझे, मग पासवर्ड तुमच्याकडे का?" असं खजिनदार विचारत. "दप्तर माझं, मग तुमच्याकडे का?" असं मी विचारी. शेवटी चेअरमननी तोडगा काढला, अर्धा पासवर्ड माझ्याकडे, अर्धा खजिनदारांकडे. तेव्हापासून आम्ही जोडीने ऑफिसात जातो. मी माझी अक्षरं टाकतो तोवर ते भिंतीवरचं कॅलेंडर बघतात. ते त्यांची टाकतात तेव्हा मी बघतो. त्या वर्षातल्या सगळ्या संकष्ट्या आम्हा दोघांना तोंडपाठ आहेत. आता संगणक पासवर्ड विचारण्याच्या आधीच थांबायला लागल्यावर दोघांचंही वैभव गेलं. दोघंही एकाच वेळी कॅलेंडर बघत बसलो.

चेअरमन आले. त्यांचा जगात एकाच उपायावर विश्वास आहे.

"कंट्रोल, ऑल्ट, डिलीट मारलं का?"

हे त्रिकूट आयबीएममधल्या डेव्हिड ब्रॅडली नावाच्या इंजिनिअरने बसवलं, १९८१ साली बाजारात आलेल्या त्यांच्या पीसीसाठी. आधी त्यात डिलीटच्या जागी एस्केप होतं. पण ती तिन्ही बटणं एका हाताने चुकून दाबली जात, म्हणून त्याने मुद्दाम दोन हात लागतील असं लांबचं बटण निवडलं. आमच्या सोसायटीत कुठलंच काम एकट्याने करायची पद्धत नाही, त्यामुळे आम्हाला तीन माणसं लागली. चेअरमननी कंट्रोल धरला, खजिनदारांनी ऑल्ट, आणि डिलीट माझ्या वाट्याला आलं. "एक, दोन, तीन!" ठिपके जागचे हलले नाहीत.

"तुम्ही उशिरा दाबलंत," खजिनदार मला म्हणाले. ते तसं इतिवृत्तातही लिहायला सांगत होते.

मग कुणीतरी तो प्रश्न विचारला, जो अशा वेळी कुणीतरी विचारतंच. "बॅकअप आहे का?"

"आहे ना!" माजी सेक्रेटरी छाती पुढे काढून म्हणाले. "माझ्या काळात मी दर महिन्याला न चुकता घेत होतो. डी ड्राइव्हला."

डी ड्राइव्ह म्हणजे त्याच संगणकातल्या त्याच हार्ड डिस्कचा दुसरा भाग. सी बुडाला की डी बुडणारच. हे त्यांना शक्य तितक्या आदराने समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "मग तुम्ही ई ड्राइव्हला का नाही घेतलात?"

बातमी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. 'ऑफिसमधील संगणक सुरू होत नाही. कुणास माहिती असल्यास कळवावे.' पहिलं उत्तर म्हणून गुलाबाच्या फुलाचं शुभ प्रभात आलं. दुसरं, 'लिफ्टमधला पंखा कधी लागणार?' पण संध्याकाळी मात्र खरोखर माणसं आली. एकेक करून, पायात चपला सरकवत, तोंडात बडीशेप घेऊन.

माणूस ज्या खात्यातून निवृत्त होतो त्याच खात्यातला बिघाड त्याला मरेपर्यंत सगळीकडे दिसतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं. ३०२मधले काका वीज मंडळातून निवृत्त झालेत. ते टेस्टर घेऊनच आले. संगणकाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ भिंतीतल्या सॉकेटपाशी बसले, दोन्ही भोकांत टेस्टर घालून झाला, आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "न्यूट्रल लूज आहे. अर्थिंगचं तर नावच नको." बँकेतून निवृत्त झालेले २०४मधले "लिंक नसेल" एवढंच म्हणाले आणि समाधानाने घरी गेले. बँकेत एवढं म्हटलं की समोरचा माणूस उद्या येतो. शेअर बाजारात असणाऱ्या एकांनी आहे त्या किमतीला विकून टाकायला सांगितलं. बी विंगमधल्या काकूंनी पडद्यावर हात फिरवला आणि विचारलं, "दसऱ्याला याला झेंडूची माळ घातली होती ना नीट?"

१०५मधल्या डॉक्टरीणबाई होमिओपॅथ आहेत. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि पडद्याकडे बघत मला विचारायला सुरुवात केली. हा त्रास कधीपासून? एकदम सुरू झाला की हळूहळू? सकाळी जास्त की संध्याकाळी? रात्रभर विश्रांती मिळाली की बरं वाटतं का? त्याआधी काही नवीन दिलं होतं? आता हसू येतं. पण त्या सगळ्या गर्दीत योग्य प्रश्न त्या एकट्यांनीच विचारले होते. थंड असताना चालू होतो आणि तापल्यावर अडतो का, नुकतंच काही नवीन जोडलं का, हेच तर जाणकार विचारतात. फक्त उत्तरं द्यायला कुणी नव्हतं, कारण बाकीचे सगळे अर्थिंगवर बोलत होते.

दुसऱ्या दिवशी स्टेशन रोडवरच्या दुकानातला पोरगा आला. किल्ल्यांच्या जुडग्यात पेन ड्राइव्ह लटकलेले, हातात एकच स्क्रू ड्रायव्हर. त्याने बटण दाबलं, ठिपके थिजेपर्यंत मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघितला आणि निकाल दिला.

"काका, विंडोज मारून देतो."

"आणि डेटा?"

"डेटा जाईल."

'पाऊस येईल' म्हणावं इतक्या सहजतेने तो हे म्हणाला. खजिनदार मटकन खाली बसले. पोराला त्यांची दया आली असावी. "थांबा, आधी आतून साफ करून बघू," असं म्हणून त्याने सीपीयू आडवा पाडला आणि बाजूचा पत्रा काढला.

आमच्या कारभाराचा सगळा इतिहास आत निघाला. सीडी ड्राइव्ह काढून टाकल्यापासून पुढच्या बाजूला जी खाच उरली होती, तिच्यात आमचा वॉचमन सभासदांच्या पावत्या ठेवत असे. त्यातल्या काही आत घरंगळल्या होत्या. मेंटेनन्स भरला की नाही यावरून एका सभासदाशी आमचं बोलणं बंद होतं, त्याची पावती प्रोसेसरच्या पंख्याला टेकून पडली होती. त्याने भरला होता. धुळीची राखाडी गादी सगळ्यावर पसरलेली. पंख्याच्या पात्यांत वाळून कागद झालेल्या झेंडूच्या पाकळ्या. काकूंची माळ नीट घातली गेली होती, जरा जास्तच नीट. आणि तळाशी एक आपट्याचं पान.

"सोनं निघालं!" चेअरमन म्हणाले. त्या दिवसात तेवढी एकच गोष्ट आमच्या जमेच्या बाजूला पडली.

पण खरा गदारोळ झाला तो मदरबोर्डवर मेलेलं झुरळ सापडल्यावर. खजिनदार उठून उभे राहिले. पेस्ट कंट्रोलच्या वार्षिक कंत्राटाला त्यांचा पहिल्यापासून विरोध होता. "वर्षाचे पैसे आगाऊ मोजलेत आपण! हा बघा पुरावा!" चेअरमनचं म्हणणं, झुरळ मेलेलं आहे, म्हणजे औषध लागू पडलं, हाही पुरावाच आहे. खजिनदारांनी ते झुरळ चिकटपट्टीने इतिवृत्ताच्या वहीत चिकटवायची मागणी केली. मी नकार दिला. खरं तर इतिहास त्यांच्या बाजूने होता. १९४७ साली ९ सप्टेंबरला अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क टू या अगडबंब गणनयंत्राच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला होता, आणि तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून खाली शेरा मारला होता. ती वही पतंगासकट वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. हे मी खजिनदारांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आमची इतिवृत्ताची वही उपनिबंधकांच्या टेबलावर झुरळासकट गेली असती.

पोराने रॅमची पट्टी उपसून काढली आणि विचारलं, "खोडरबर आहे?"

कंपनीच्या कुठल्या पुस्तकात हा उपाय दिलेला असेल असं वाटत नाही, पण आपल्याकडचा प्रत्येक दुरुस्तीवाला तो करतो. रॅमच्या सोनेरी दातांवर आपल्या दमट हवेत मळकट थर बसतो. खोडरबर घासला की तो निघतो आणि पुष्कळदा संगणक खरंच सुरू होतो. ऑफिसात खोडरबर नव्हता. आमचा सगळा कारभार बॉलपेनचा, खोडायची सोय मुद्दामच ठेवलेली नाही. शेवटी बी विंगमधल्या तिसरीतल्या एका मुलीने आपला दिला, स्ट्रॉबेरीच्या आकाराचा आणि वासाचा, "झिजवायचा नाही" या अटीवर. पोराने दात घासले, फुंकर मारली, पट्टी खाचेत बसवली, टक् आवाज आला. बटण दाबलं. पंखा, दिवा, खिडकी, ठिपके. ऑफिसभर स्ट्रॉबेरीचा वास सुटला आणि ठिपके त्याच जागी थिजले.

"मग मदरबोर्ड," पोरगा म्हणाला. दुरुस्तीवाल्यांचा शेवटचा शब्द नेहमी मदरबोर्ड असतो. त्याच्या पुढे विचारायचं नसतं.

सोसायटीत एका दुकानाच्या शब्दावर खर्च करता येत नाही. तीन कोटेशनं मागवावी लागतात, ती आम्ही मागवली. एकाच्या मते मदरबोर्ड गेला होता. दुसऱ्याच्या मते मदरबोर्ड उत्तम होता, हार्ड डिस्क गेली होती. तिसऱ्याचं म्हणणं, यातलं काहीच गेलेलं नाही, पण नवीन घ्या. सगळ्यांत कमी रकमेचं कोटेशन मंजूर करायचा नियम आहे. पण तिघं तीन वेगवेगळ्या रोगांवर बोलत असताना कमी रकमेचा रोग निवडायचा कसा, याबद्दल उपविधीत काही नाही.

या टप्प्यावर प्रत्येक मराठी घरात जे होतं तेच झालं. आयटीतल्या भाच्याला फोन गेला. भाचा हिंजवडीत आहे. "मामा, मी हार्डवेअरमधला नाही," हे वाक्य त्याने सवयीने म्हटलं आणि मी सवयीने ऐकलं नाही. मोबाइल उभा धरून आम्ही त्याला संगणकाचं दर्शन घडवलं. त्याला आधी संगणक, मग चेअरमनचं पोट, मग छत दिसलं.

त्याने सांगितलेली पहिलीच गोष्ट ऐकून सगळे हादरले. ठिपके फिरत असताना बटण दाबून धरायचं, संगणक मरेपर्यंत. मग पुन्हा चालू, पुन्हा तसंच. लागोपाठ असं दोनतीनदा झालं, की आपलं काहीतरी बिनसलंय हे विंडोजच्या लक्षात येतं आणि ती स्वतःच दुरुस्तीला बसते. ज्या पिढीला 'शट डाऊन नीट कर, नाहीतर खराब होईल' एवढंच संगणकशिक्षण मिळालं, तिला हे पाप वाटणं साहजिक आहे. चेअरमननी बटण दाबलं खरं, पण डोळे मिटून. आणि भाचा म्हणाला तसंच झालं! पडद्यावर अक्षरं उमटली, की आपोआप दुरुस्तीची तयारी चालू आहे. मग, संगणकाची तपासणी चालू आहे. सगळे खुर्च्या पुढे ओढून बसले. कुणीतरी चहा सांगितला. चहा आला, प्यायला गेला, आणि नंतर संगणकाने नम्रपणे कळवलं, की त्याला स्वतःची दुरुस्ती करता आली नाही.

"निदान कबूल तरी करतो," खजिनदार म्हणाले. "आपला प्लंबर बघा."

मामाचा चेहरा पडलेला पाहून भाच्याने धीर दिला. म्हणाला, १९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीने संगणकांच्या सुरक्षेसाठी एक अपडेट धाडलं, ते सदोष निघालं, आणि जगभरातले विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक एका दिवसात निळे पडून बसले. चालू व्हायचे, लॉगिनपर्यंत पोचायच्या आत मरायचे, पुन्हा चालू व्हायचे. विमानं खोळंबली, आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडवरच्या ग्राहकांना काय सांगितलं असेल? पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करा. काही जणांना १५ वेळा करावं लागलंय, तेव्हा धीर सोडू नका.

चेअरमन इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. "बघा! मी पहिल्या दिवसापासून काय म्हणतोय?" असं म्हणून त्यांनी भाच्याला फोनवरूनच आशीर्वाद दिला आणि पुन्हा कंट्रोलवर बोट ठेवलं.

फोन ठेवण्याआधी मात्र भाच्याने एक लाखमोलाची गोष्ट सांगितली, आणि ती मी ग्रुपवर जशीच्या तशी टाकली. 'संगणकाला जोडलेल्या सगळ्या गोष्टी तपासा. पण एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलली की चालू करून बघा. नाही झाला तर ती पूर्ववत करून दुसरी बदला.' ग्रुपवरच्या झाडून सगळ्यांनी अंगठे दाखवले.

आणि सोसायटीच्या इतिहासात प्रथमच एखादी सूचना सगळ्यांनी पाळली. प्रत्येकाने एकच गोष्ट बदलली. फक्त सगळ्यांनी एकाच संध्याकाळी बदलली, आणि एकमेकांना न सांगता.

३०२मधल्या काकांनी दुपारी चारच्या सुमारास लिफ्टच्या मशीन रूममधून एक वायर ओढून खिडकीतून आत घेतली आणि संगणक त्या 'खऱ्या न्यूट्रल'वर टाकला. खजिनदारांना पुण्याला लग्नाला जायचं होतं, त्यांनी जाता जाता प्रिंटरची वायर उपटली, कारण प्रिंटर मी घेतला होता आणि त्यांचा त्याच्यावर पहिल्यापासून संशय होता. स्टेशन रोडवरच्या पोराने राहिलेल्या पैशांसाठी चक्कर मारली होती. उधारी सुटेना म्हणून त्याने निदान मदरबोर्डवरचा सेल बदलून दिला, तीन व्होल्टचा सीआर २०३२, मनगटी घड्याळाच्या सेलचा थोरला भाऊ. जुना उतरल्यामुळे संगणकाचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं. चेअरमन ती तारीख बघून हळवे झाले, म्हणाले तेव्हा थकबाकी किती कमी होती. डॉक्टरीणबाईंनी टेबल भिंतीपासून ओढून घेतलं, मोकळी हवा मिळावी म्हणून. काकूंनी हळदकुंकू लावलेला नारळ सीपीयूवर ठेवला, शेंडी पडद्याकडे करून. वॉचमनची ड्यूटी संपत होती, त्याने सीपीयूच्या पुढच्या पोर्टात चार्जिंगला लावलेला आपला मोबाइल काढला आणि घरी जायला निघाला.

तेवढ्यात मी ऑफिसात आलो आणि हाताच्या सवयीने बटण दाबलं. ठिपके फिरले. फिरतच राहिले. आणि समुद्रकिनाऱ्याचं ते चित्र आलं, वेळ आली, तारीख आली, खाली पांढरी चौकट आली आणि तिच्यात उभी रेघ लुकलुकायला लागली. संगणक पासवर्ड विचारत होता!

मी माझा अर्धा टाकला. उरलेला अर्धा पुण्यात लग्नाच्या पंगतीत बसला होता.

खजिनदारांना फोन लावला. मागे सनई. "चालू झाला!" मी ओरडलो. "तुमची अक्षरं सांगा!"

"फोनवर?" ते म्हणाले. "बँकेचा मेसेज येत नाही का तुम्हाला? पासवर्ड फोनवर कुणाला सांगू नये."

"अहो, मी सेक्रेटरी बोलतोय!"

"ते लोकही असंच सांगतात."

त्यांनी मला खात्रीसाठी या महिन्याची संकष्टी कधी आहे ते विचारलं, मी अचूक सांगितलं, तरी त्यांचं मन धजेना. उद्या सकाळपर्यंत येतो म्हणाले. तोवर संगणक बंद होऊ द्यायचा नव्हता. घरी निघालेल्या वॉचमनला परत बोलावलं. तो बिचारा मध्येच पडदा झोपू नये म्हणून रात्रभर थोड्या थोड्या वेळाने माउस हलवत बसला. सकाळी त्याने विचारलं, "साहेब, आता माझा मोबाइल लावू का परत?" त्याला सगळ्यांनी मिळून इतक्या जोरात 'नाही' म्हटलं, की तो आजतागायत ऑफिसात फोन खिशातून काढत नाही.

सभा वेळेत झाली. हिशेब बिनबोभाट मंजूर झाले. सगळा वेळ खाल्ला तो 'संगणक सुरू झाल्याबद्दल अभिनंदन' या विषयाने. अभिनंदन कुणाचं, यावर एकमत होईना. ३०२मधल्या काकांनी न्यूट्रलचा इतिहास सांगितला. खजिनदार 'प्रिंटर' एवढाच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, गुण यायला वेळ लागतो, सगळ्यांनी तेवढा धीर धरायला हवा होता. काकू काहीच बोलल्या नाहीत, फक्त छताकडे बघून हात जोडले, आणि सगळ्यांत जास्त मतं त्यांच्याकडे गेली. ज्यांनी "लिंक नसेल" म्हटलं होतं तेही उभे राहिले आणि म्हणाले, "आली ना मग लिंक?"

खरं कारण शोधायची एक सोपी वाट होती, आणि भाच्याने ती कळवली होती. एकेक गोष्ट पूर्ववत करत जायचं. नारळ उचलायचा, चालू करून बघायचं. प्रिंटर जोडायचा, चालू करून बघायचं. जिथे अडेल तिथे चोर सापडला. मी हे सभेपुढे मांडलं मात्र, सभागृह उसळलं. "हात लावायचा नाही!" बोलणं बंद असलेल्या सभासदानेसुद्धा त्या सुरात सूर मिसळला. आमच्याकडे रंगकामाचा ठराव एकमताने झालेला नाही, पार्किंगचा झालेला नाही. 'संगणक आहे त्या स्थितीत ठेवण्यात यावा व बंद करण्यात येऊ नये' हा ठराव मात्र एकमताने आणि टाळ्यांच्या गजरात झाला.

त्यामुळे सध्याची स्थिती अशी आहे. टेबल खोलीच्या मधोमध आहे आणि त्याला वळसा घालून कपाटाकडे जावं लागतं. लिफ्टच्या खोलीतली वायर खिडकीतून आत येते, म्हणून खिडकी लागत नाही, पावसात आत पाणी येतं, आणि पाण्यापासून संगणकाला वाचवायला त्याच्यावर छत्री उघडून ठेवली आहे. प्रिंटर चांगला असून बंद आहे. पावत्या आम्ही स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणतो. नारळाचा एव्हाना गोटा झाला असणार, पण हलवून बघायची छाती कुणाची नाही.

विंडोज ९५ हा प्रकार एके काळी एकदा चालू करून कायमचा चालू ठेवता येत नसे. चालू केल्यापासून किती मिलिसेकंद झाले हे तो ३२ बिटांच्या खात्यात मोजायचा, त्यात ४,२९,४९,६७,२९५ च्या वर आकडा मावत नसे, आणि साधारण ४९.७ दिवसांनी खातं भरलं की संगणक आपोआप अडायचा. ही खोड लोकांच्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली, कारण तितके दिवस न अडता तो चालल्याचंच क्वचित कुणी पाहिलं होतं. आमच्या संगणकात विंडोज १० आहे, तिला ही खोड नाही. तरी हा मजकूर खजिनदारांच्या वाचनात येऊ नये अशी माझी इच्छा आहे. ते कॅलेंडरवर फुल्या मारायला लागतील.

आणि तुम्हाला एक विनंती. कधी डोंबिवलीला आलात तर आमच्या ऑफिसात जरूर या, चहा मिळेल, छत्री बाजूला सारून बसायला जागाही करू. फक्त आत शिरताना दाराच्या डाव्या हाताला दोन बटणं आहेत. वरचं दिव्याचं. खालच्याला हात लावू नका.